बिनफवारणीची ओळ

ऑगस्ट संपत आला की तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात माणसं पिशवीतून द्राक्षाच्या काड्या घेऊन फिरताना दिसतात. पिशवी गाडीच्या हँडलला अडकवलेली, आत ओल्या कापडात गुंडाळलेली काड्यांची जुडगी, आणि प्रत्येक जुडग्याला प्लॉटच्या नावाची चिठ्ठी. विहिरीकडचा. माळावरचा. नवी लागण. या काड्या डोळे तपासणीला निघालेल्या असतात. उद्यानविद्येची पदवी घेऊन गावी परत आल्यापासून मी हेच काम करते. काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो ती कळी, ब्लेडनं चिरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि आत घड आहे की नाही ते बघायचं.

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर जो घड बाहेर येणार, जो फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात किंवा बेदाण्याच्या शेडवर जाणार, तो ऑगस्टमध्येच त्या डोळ्यात तयार असतो. किंवा नसतो. असेल तर कितव्या डोळ्यात आहे, चौथ्या की सातव्या, सबकेनच्या, म्हणजे शेंडा खुडल्यावर फुटणाऱ्या पोटकाडीच्या, गाठीच्या अलीकडे की पलीकडे, एवढं मला सांगायचं असतं. समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कितव्या डोळ्यावर छाटणी मारू?" मी आकडा सांगते. पण काही जुडग्यांत डोळ्यामागून डोळा रिकामा निघतो, तेव्हा सांगण्यासारखं फार काही उरत नाही. कारण त्याचा निकाल मे-जूनमध्येच लागून गेलेला असतो.

नव्या काड्या याव्यात म्हणून एप्रिलमध्ये वेल आखूड छाटतात, ती खरड छाटणी. तिच्यानंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान नव्या काडीच्या डोळ्यात एक सूक्ष्म उंचवटा तयार होतो. त्याचं पुढं काय व्हायचं हे तेव्हा ठरलेलं नसतं. त्याचा घड होऊ शकतो, नाहीतर बाळी, म्हणजे वेलीच्या आधाराचा नुसता तंतू, होऊ शकते. वेलीत सायटोकायनिन हे संप्रेरक भरपूर असेल, काडीला ऊन मिळालं असेल, पानांनी अन्न साठवलं असेल, तर तो घडाकडे वळतो. जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक वरचढ झालं, पाणी आणि नत्र जास्त होऊन शेंडा धावत सुटला, वर आभाळ भरून राहिलं, तर तो बाळीकडे जातो. बाहेरून काडी पाहून यातलं काहीच कळत नाही. दोन्ही काड्या तितक्याच जाड, तितक्याच तांबूस.

आमच्या अण्णांचा नियम होता की पाडवा झाला की खरड छाटणीला हात घालायचा, मे उजाडू द्यायचा नाही. कारण विचारलं तर एकच उत्तर, "उशिरा छाटलेली बाग घड देत नाही." हे बऱ्याच अंशी खरं आहे. मे महिन्यात छाटलं की डोळ्यातला तो निर्णायक काळ जूनच्या शेवटी, जुलैच्या ढगात सापडतो. वनस्पतिशरीरक्रियाशास्त्राच्या तासाला मॅडमनी फळ्यावर तो उंचवटा काढला आणि बाजूला ऊन, सायटोकायनिन, जिबरेलिन असे बाण दाखवले, तेव्हा मला अण्णांचा नियम त्या फळ्यावर लिहिलेला दिसला. अण्णा बरोबर होते याचा आनंद झालाच. पण त्या रात्री होस्टेलवर एक विचार काही केल्या जाईना. 'उशिरा छाटलेली बाग घड देत नाही' हे एक वाक्य कळायला आमच्या घरानं किती हंगाम दिले असतील? कुणाच्या तरी बागेत उशिरा छाटणी झाली असेल, फुटवे आले असतील, घड आले नसतील, आणि त्या घरानं सोसायटीचं कर्ज फिरवून घेतलं असेल. हे ज्ञान विकत घेतलेलं होतं, आणि त्याची किंमत एका घरानं एकट्यानं भरलेली होती.

पदवीची चार वर्षं मी या एका गोष्टीभोवती फिरत राहिले, असं आता वाटतं.

शिक्षण सातारा जिल्ह्यात झालं, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार. आठ सत्रं. मातीपासून मधमाशीपर्यंत सगळं. सकाळी लवकर प्रात्यक्षिकं: डाळिंबाची गुटी बांधणं, आंब्याचं कोय कलम, गुलाबाचे डोळे भरणं. कीटक पकडून, टाचणी लावून पेटीत लावणं. शेवटच्या वर्षात गावात राहून काम करायचं, मुलींना तिथं कृषिकन्या म्हणतात. चौकात रंगीत रांगोळीनं शिवाराचा नकाशा काढायचा, बीजप्रक्रिया करून दाखवायची. वर्गातली निम्मी मुलं पहिल्या दिवसापासून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती, त्यांना मी दोष देत नाही. एक-दोन एकराच्या घरातून आलेल्या मुलाला महिन्याच्या महिन्याला पगार हवासा वाटणं यात वावगं काय आहे? मला वाईट एवढंच वाटायचं, की त्यांच्यातल्या काहींची नजर फार चांगली होती. पान उलटून लाल कोळी आहे की फुलकिडे, हे भिंगाशिवाय सांगणारी मुलं होती ती.

मला मात्र सगळ्यात जास्त दिलं ते संख्याशास्त्राच्या विषयानं. बहुतेकांचा तो नावडता. प्रयोगाची आखणी शिकवताना सरांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेताची गोष्ट सांगितली. १८४३ साली तिथं गव्हावर खतांचा प्रयोग सुरू झाला. प्रत्येक पट्ट्याला वेगळं खत. आणि एका पट्ट्याला काहीच नाही, शेणखत नाही, रासायनिक नाही. तो प्रयोग आजही चालू आहे. म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षं एक पट्टा दरवर्षी पेरला जातो, कापला जातो, तोलला जातो आणि मुद्दाम उपाशी ठेवला जातो. त्या पट्ट्यात गहू कमी येतो हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही तो पट्टा आहे, म्हणून बाकीच्या पट्ट्यांमध्ये जे जास्त येतं त्यातलं नेमकं किती खतामुळं आलं, हे सांगता येतं. त्याच रॉथमस्टेडमध्ये १९१९ साली रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ आला आणि कोणता वाफा कोणाला द्यायचा हे माणसानं ठरवायचं नाही, ते चिठ्ठीवर सोडायचं, ही शिस्त त्यानं घालून दिली. आमच्या प्रयोगवह्यांत आम्ही वाफ्यांची जी उलटसुलट मांडणी करत होतो, ती तिथून आलेली.

पुढं एका सहलीत आम्ही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर गेलो. १९३२ पासूनचं केंद्र, फुले २६५ हा ऊस इथलाच. चाचणीच्या प्लॉटमध्ये हिरव्यागार वाफ्यांच्या मध्ये एक पिवळट, खुरटा वाफा होता. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "याच्याकडं कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही." तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं की सगळ्यात जास्त लक्ष याच्याकडंच द्यावं लागतं, चुकूनसुद्धा शेजारच्या वाफ्यातलं पाणी त्यात जाता कामा नये.

मी सुट्टीत घरी आले आणि अण्णांना म्हणाले, आपण एक ओळ बिनफवारणीची ठेवू या. औषधाचा खरा उपयोग किती ते कळेल.

अण्णा चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या वळीचं पैसं कोण देणार?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते देता येण्यासारखं नव्हतंच. द्राक्षाच्या एका ओळीतले घड म्हणजे मजुरी, औषधाचा हप्ता, धाकट्या भावाची फी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या पावसात डाउनी, म्हणजे केवडा रोग, एकदा घुसला तर फुलोऱ्यातला घड दोन-तीन दिवसांत काळा पडतो. आणि तो त्या एका ओळीत थांबत नाही. पानाच्या मागची पांढरी बुरशी वाऱ्या-पावसाबरोबर शेजारच्या ओळीत जाते, बांध ओलांडून दुसऱ्याच्या बागेत जाते. आपल्या कुतूहलासाठी शेजाऱ्याची बाग धोक्यात घालणं हा कुठला न्याय?

त्या दिवशी मला विद्यापीठाचं शेत कशासाठी असतं ते कळलं. तोटा सोसायला ते असतं. तिथला काळा पडलेला घड कुणाच्या घरची फी बुडवत नाही. त्याचा खर्च आपण सगळे मिळून करातून भरतो, आणि त्या बदल्यात कुठल्याच एका अण्णांना तो एकट्यानं भरावा लागू नये, अशी ती व्यवस्था आहे. संशोधन केंद्रावरचा रोगट वाफा पाहून लोक म्हणतात, यांना शेती जमत नाही, आमच्या बागा बघा म्हणावं. मला हे ऐकून दर वेळी बोलावंसं वाटतं. त्या वाफ्यानं तुमच्या वाटचं नुकसान घेतलंय.

ज्या बोर्डो मिश्रणावर आमच्या भागातल्या तीन पिढ्या द्राक्ष काढत आल्या, त्याची गोष्टही अशीच आहे. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर तिथले बागायतदार चुना आणि मोरचूद फवारत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडू नयेत म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत आणि आतल्या वेलींची डाउनीनं गळून गेली आहेत. त्यानं प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रण प्रसिद्ध केलं. हे सांगताना सगळे रस्त्याकडेच्या निळसर वेलींबद्दल बोलतात. मला आतल्या, न फवारलेल्या वेली आठवतात. त्या तशा नसत्या तर त्याला काय दिसलं असतं? आपण आजही एक टक्क्याचं बोर्डो करताना शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना घेतो, लोखंडी पातं बुडवून तांब्याचा थर चढतो का बघतो आणि चढला तर चुना वाढवतो. त्या प्रत्येक बादलीमागं कुणा अनोळखी बागायतदाराच्या गळून गेलेल्या वेली आहेत.

आणि फक्त बोर्डोच कशाला. आमच्या बागेतली कुठलीही वेल घ्या. जमिनीखालचा खुंट डॉगरीज, म्हणजे टेक्सासच्या रानातल्या द्राक्षाचा. क्षार आणि पाण्याची ओढ सहन करतो, म्हणून दुष्काळी तालुक्यांत तो घराघरांत पोचला. वरचं वाण थॉमसनच्या वंशातलं. इराण-तुर्कस्तानाकडचं बिनबियांचं द्राक्ष कॅलिफोर्नियात गेलं, तिथं त्याला थॉमसन हे नाव मिळालं, तिथून ते आपल्याकडे आलं. मग तासगाव तालुक्यातल्या बोरगावला वसंतराव आर्वे यांना आपल्या बागेतल्या थॉमसनमध्ये वेगळे दिसणारे घड आढळले. त्यांनी ती काडी वेगळी वाढवली आणि तास-ए-गणेश हे वाण उभं राहिलं. हजारो लोकांच्या बागेत असे बदल होत असतील, बघितला त्यांनी. विद्यापीठातच माणसाची नजर तयार होते असं मी कधी म्हणणार नाही.

ज्या जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडमध्ये, आपण घड बुडवतो त्याचं मूळ तर भातात आहे. जपानी शेतकऱ्यांच्या भाताला एक रोग व्हायचा, रोपं भराभर उंच वाढायची आणि दाणा न भरताच लोळायची. १९२६ साली एइची कुरोसावा या शास्त्रज्ञानं दाखवलं की हे बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळं होतं. बुरशी गाळून काढली तरी उरलेल्या पाण्यानं रोपं तशीच वाढतात. तेच हे जिबरेलिन. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात ते थॉमसनच्या घडावर वापरून पाहिलं गेलं, मणी लांबट आणि मोठे झाले. कुणाच्या तरी भाताचं वाटोळं झालेलं होतं, त्यातून आपल्या घडाची लांबी आली.

या साखळीची दुसरी बाजूही आहे, आणि ती मी शिकले नसते तर फक्त अफवा म्हणून ऐकली असती. खरड छाटणीनंतर वाढ आवरावी, जिबरेलिन दबावं आणि डोळ्यात घड धरावा म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, फवारलं जायचं. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अवशेष सापडले आणि कंटेनर अडकले. लोक गोंधळून गेले. मे महिन्यात मारलेलं औषध मार्चच्या मण्यात कुठून आलं, तेव्हा तर घडच नव्हता! पण ते औषध लवकर विघटित होत नाही, वेलीच्या लाकडात राहतं आणि पुढच्या हंगामात वर चढतं. ज्या डोळ्यात घड धरावा म्हणून ते मारलं, त्याच डोळ्याच्या वाटेनं ते घडात गेलं. हा सगळा तोटा शेतकऱ्यावर पडला. हा प्रयोग आधी कुठल्या तरी संशोधन केंद्राच्या शेतात पूर्ण व्हायला हवा होता, अवशेषांसकट. त्याऐवजी तो लोकांच्या बागांत झाला. शेतावर प्रयोग नेहमीच चालू असतात. त्यांची किंमत कोण भरतो एवढंच काय ते ठरायचं असतं.

इथं मला विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायला, येणाऱ्या बायकांबद्दल लिहायला हवं. आमच्याकडे बरीच वर्षं येणाऱ्या एक मावशी आहेत. कात्री घेऊन मांडवाखाली उभ्या राहिल्या की मान वर करून आधी पानं बघतात, मग घडाला हात लावतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ह्याला पोसायला पानं किती हायत ते बघायचं, मग मणी ठेवायचं." आमच्या पुस्तकात पानांचं क्षेत्रफळ आणि घडाचं वजन यांचं गुणोत्तर म्हणून हेच आहे. मावशींना ते कुणी शिकवलं नाही, आणि त्यांनी शोधलं म्हणून ते कुठं नोंदवलंही गेलं नाही. एका दिवसात कितीतरी घड हाताखालून जाणाऱ्या या बायकांइतका घड कुणी पाहिलेला नाही. त्यांचं म्हणणं कुठल्याच प्रयोगवहीत का नसावं? आता माझ्या वहीत त्यासाठी एक रकाना आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतजमीन असलेल्या घरातल्या मुलामुलींना वाढीव गुण मिळतात. सातबारा जोडावा लागतो. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुलींनी तो जोडला. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच केला. तरीही आमच्यापैकी फार थोड्या जणींचं नाव पुढं त्या उताऱ्यावर आलं. जमीन ज्यांच्या नावावर नाही, त्यांच्या शेतीच्या ज्ञानाला घरात सल्ला म्हणून ऐकलं जातं, निर्णय म्हणून नाही. अण्णांनी माझं नाव लावलं. त्यांनी ते करताना काही भाषण केलं नाही, तलाठ्याकडून आले आणि कागद कपाटात ठेवला. पण त्यानंतर बागेबद्दल बोलताना माझा आवाज मलाच वेगळा लागायला लागला.

बिनफवारणीची ओळ मी मनातून काढली नव्हती. फक्त प्रश्न बदलला. डाउनीच्या औषधाचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी न फवारलेली ओळ, घरच्या बागेत ठेवणं चूकच. ते संशोधन केंद्राचं काम, आणि ते त्यांनी करावं म्हणून आपण भांडलं पाहिजे. पण आपल्या बागेत जी टॉनिकं जातात, त्यांचं काय? मणी फुगवायचं, देठ जाड करायचं, पान काळंभोर करायचं, अशी एकेक बाटली. दुकानात गेलं की पुढच्या गावातल्या कुणाच्या तरी बागेचा फोटो मोबाइलवर दाखवतात. त्या फोटोत फवारलेली बाग असते. न फवारलेली कधीच नसते. टॉनिकाची एखादी ओळ सोडली तर रोग पसरत नाही, शेजाऱ्याला धोका नाही, आणि झालंच नुकसान तर मणी थोडा बारीक राहील. एवढं सोसता येतं.

हे मी गावातल्या काही बागायतदारांपुढं मांडलं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, एकाच्याच बागेत कशाला, प्रत्येकानं दोन-दोन ओळी सोडू, म्हणजे कुणा एकावर बोजा नको. मला जे चार वर्षं शिकवलं गेलं, त्यातली पुनरावृत्तीची अट आणि तोटा वाटून घ्यायची रीत त्यानं एका वाक्यात सांगितली होती. अण्णा तयार झाले. फक्त पहिल्या वर्षी त्यांनी सोडायला निवडली ती बांधाकडची, आधीच रोड असलेली ओळ. मी फिशरची चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. कमजोर ओळ सोडली तर टॉनिक जिंकणारच, ते तिचं अंगचं दुबळेपण असेल. त्यांनी ऐकून घेतलं, पण ओळ बदलली नाही. त्या वर्षीचे आकडे मी तुलनेत धरले नाहीत, वहीत कारणासकट लिहून ठेवले.

दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या. काढणीला फवारलेल्या आणि सोडलेल्या ओळींतल्या मण्यांचा व्यास कॅलिपरनं मोजला, घड तोलले, रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघितली. दोन ओळींत जेवढा फरक दिसला, त्याहून जास्त फरक एकाच ओळीतल्या दोन वेलींत होता. यावरून टॉनिक निरुपयोगी आहे असं म्हणता येत नाही. उपयोगी आहे असंही म्हणता येत नाही. आणखी हंगाम लागतील, आणखी बागा लागतील. बैठकीत हे सांगितल्यावर थोडी नाराजी झाली. लोकांना हो किंवा नाही हवं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. गेल्या काही वर्षांत अवकाळीनं इतक्या बागा मोडल्या आहेत, की 'थांबा, अजून बघू' हे ऐकायला कुणाजवळ सवड उरलेली नाही. तरी एकानंही ओळी सोडायच्या नाहीत असं म्हटलं नाही.

यंदाच्या चिठ्ठ्या अण्णांनी स्वतः लिहिल्या आणि उचलायला मावशींना बोलावलं. पहिली चिठ्ठी निघाली ती विहिरीकडची, बागेतली सगळ्यात जोरकस ओळ. मावशी म्हणाल्या, दुसरी काढू का? अण्णा म्हणाले, नको, आली ती आली, आणि जाऊन त्या ओळीच्या खांबाला लाल पट्टी बांधून आले. फळछाटणी आता पंधरवड्यावर आली आहे. घडांची मोजणी विरळणीच्या आधी करायची की नंतर, यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. अण्णा म्हणतात नंतर, कारण विकला जातो तो उरलेला घड. मी म्हणते आधी. मावशींचं म्हणणं दोन्ही वेळा करा, मोजायला त्या येतील.